या आवृत्तीशी जुळत नाही

९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा पडदा परवा पुन्हा गळून पडला. ब्राउझरने आपणहून स्वतःला नवं करून घेतलं आणि सकाळी वर ती पिवळी पट्टी आली, की हे अ‍ॅड-ऑन या आवृत्तीशी जुळत नाही, सबब बंद केलं आहे. मी ओट्यापाशी होते. पट्टी मला आधी दिसली असती तर काहीतरी निमित्त काढून मी संगणकच बंद केला असता. पण तुमच्या दादांना चहाचा कप आणि आमच्या लेकीचं, घंटीचं, सायकलींचं पान एकदमच लागतं. कप हातात, आणि समोर पानाच्या माथ्यावर तिच्या मैत्रिणींनी लावलेली ती काळ्या चौकटीची पाटी. ‘आमची घंटी अपघातात गेली. तिचं दुकान आणि हे पान आम्ही सांभाळू.’ एरवी तुमचा पडदा तेवढंच झाकून ठेवतो. परवा ते उघडं पडलं.

त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग मला हाक मारून अगदी साध्या आवाजात विचारलं, “हे कुणी लिहिलंय?” मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला, आणि तेवढं त्यांना पुरलं. पुढचं काय लिहू. एका पायात बूट घालून दिवसभर दारापाशी बसून होते, मला तिच्याकडे जायचंय म्हणत. दुसऱ्या बुटाची नाडी त्यांना बांधता येईना आणि मला बांधवेना.

काल सकाळी पुन्हा सगळं कोरं. आजाराच्या आधीचं त्यांना खडान्‌खडा आठवतं, आजारानंतरचं मात्र एक झोप झाली की पुसलं जातं, आणि आपली पोर गेली ती आजारानंतर. त्यामुळे त्यांच्या लेखी ती अजून दूरच्या त्या शहरात सायकली दुरुस्त करतेय आणि फावल्या वेळात पानावर लिहितेय. काल उठले, आरशात पाहिलं, आणि मला म्हणाले, “डोळे का सुजलेत गं माझे? सर्दी होणारसं दिसतंय.” मी त्यांना गरम पाणी करून दिलं.

बाकीच्यांचं मूल एकदा जातं, भाऊजी. आमच्या घरी ते दर आवृत्तीला जातं. तेव्हा हातातलं काम टाकून तेवढं दुरुस्त करून पाठवा.

कागदावर लिहितेय, कारण आमचा मेल दोघांचा मिळून एकच आहे, आणि फोन वाजला की हे शेजारी येऊन बसतात. चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काउंटरवर लिहिते. तुम्हीही उत्तर दुकानाच्याच पत्त्यावर पाठवा.

वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र आल्यापासून कशात लक्ष लागत नाहीये. सोबत पेन ड्राइव्ह आहे. संगणकाला लावा, त्यातल्या एकुलत्या एका फाइलवर टिचकी मारा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. पडदा जागच्या जागी येईल.

असं का होतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही मला मनातल्या मनात दोन शब्द कमी ऐकवाल. अ‍ॅड-ऑन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. तो लिहिताना त्यात ग्वाही द्यावी लागते, की हे अमुक आवृत्तीपर्यंत चालेल. पूर्वी नवी आवृत्ती कधीतरी सटीसामाशी यायची. हल्ली दर काही आठवड्यांनी येते. आत काही बदललेलं नसलं तरी नुसता आकडा पुढे गेला म्हणून ब्राउझर माझ्या अ‍ॅड-ऑनला घराबाहेर काढतो. मी आकडा वाढवून दिला की निमूट आत घेतो. ऑफिसातही मी दिवसभर हाच उद्योग करतो. कुणाचं शब्दकोडं बंद पडलेलं असतं, कुणाची हवामानाची खिडकी, आणि माणसं असं बोलतात की जणू मी त्यांचं घर जाळलंय. पूर्वी मला त्यांची गंमत वाटायची. आता कुणी चिडून बोलायला लागलं की मला एका पायात बूट घातलेला दादा दिसतो.

सेटिंगमध्ये ‘अपडेट आपोआप घ्या’ असं लिहिलेलं आहे, त्यापुढची खूण काढून टाका. तेवढाच मला श्वास घ्यायला वेळ मिळेल.

आणखी एक गोष्ट मी तुम्हाला न विचारता केली आहे, रागावू नका. तुम्ही मागे म्हणाला होता, की पाटी झाकली तरी पानावर नवं काही नसतं, आणि मग दादा दिवसभर ‘आज हिने काही लिहिलं नाही’ म्हणत फेऱ्या मारतो. त्याच्या आजारापासून तिच्या अपघातापर्यंत घंटीने जे जे लिहिलं ते सगळं मी उतरवून ठेवलंय. ते दादाने वाचलं होतं, पण त्याच्यात ते राहिलेलं नाही. आता पाटीच्या जागी रोज त्यातला एक मजकूर आजची तारीख घालून दिसेल. संपले की पुन्हा पहिल्यापासून. त्याला कळणार नाही.

तो हसला तर मला कळवा. त्याचं हसणं फार दिवसांत ऐकलं नाही.

तुमचा भाऊजी


५ मार्च

भाऊजी,

हसले. परवाच्या मजकुरात एक गिऱ्हाईक होतं, त्याची सायकल कुरकुरत होती. घंटीने सगळी सायकल खोलली, एकेक भाग पुसून तेल घालून पुन्हा जोडली, तरी कुरकुर चालूच. शेवटी कळलं की कुरकुर त्याच्या बुटांची होती. तुमच्या दादांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि चहा स्वतःच्या मांडीवर सांडून घेतला. मग दिवसभर, मी घरात चालले की माझ्या चपलांकडे कान देऊन म्हणत, तेल घालू का.

मीही हसले. तो मजकूर तिने लिहिला तेव्हा मीच तिला फोन करून सांगितलं होतं, की बाई, आधी गिऱ्हाइकाला उतरवायचं आणि मग सायकल खोलायची. हे त्यांना कसं सांगणार? म्हणून नव्याने ऐकल्यासारखं केलं. चांगलं जमतं मला आता ते.

अपडेटचं मात्र तुमचं काही चाललं नाही. तुम्ही सांगितलेली खूण मी काढली आणि आठवड्याच्या आत यांना ते दिसलं. मला बोलावून घेतलं आणि चढ्या आवाजात विचारलं, देखभाल कुणी थांबवली. जन्मभर लिफ्टची कामं केलेला माणूस. ज्या इमारतीत देखभाल टाळली, तिथेच माणसं मधल्या मजल्यावर अडकली, हे त्यांचं नेहमीचं. मी म्हटलं चुकून झालं असेल. त्यांनी खूण परत घातली. मी पुन्हा काढली, त्यांनी पुन्हा घातली, आणि दर वेळी पहिल्यांदाच घालावी तसं मला भाषण दिलं. शेवटी मी हात टेकले. तेव्हा तुम्हालाच आकड्यांच्या पुढे धावावं लागणार.

पानाच्या तळाशी अभिप्राय लिहायची जागा आहे ना, तिथे हे हल्ली रोज तिला काहीतरी लिहितात. मी वाचायला जात नाही. बाप-लेकीचं आहे, त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे.

बाकी ठीक. मी दुकानात जरा लवकरच येऊन बसते हल्ली.

वहिनी


२२ मार्च

वहिनी,

या वेळची आवृत्ती यायच्या आतच नवा पेन ड्राइव्ह तुमच्या हातात पडला असेल. आता मी नव्या आवृत्तीची कच्ची प्रत आधीच मागवून त्यावर पडदा तपासून घेतो. ऑफिसातल्यांना वाटतं मी कामसू झालोय.

रोज कुठला मजकूर लागणार ते मला ठाऊक असतं, म्हणून सकाळी मीही तो काढून वाचतो. तुम्ही दोघं तिथे आणि मी इथे, एकाच वेळी तेच वाचतोय असं मनाशी म्हणतो. काका या नात्याने मी तिला फारसं काही दिलं नाही. पहिल्या सायकलला घंटी बसवून दिली, ती तिने इतकी वाजवली की शेजाऱ्यांनी तिचं नावच ते ठेवलं. आता हे एवढंच माझ्या हातात आहे.

एक वाईट बातमी आहे, ती आधीच सांगून ठेवतो. ब्राउझरवाल्यांनी जाहीर केलंय, की उन्हाळ्यात केव्हातरी जुन्या धाटणीची सगळी अ‍ॅड-ऑन कायमची बंद होणार. मग आकडा वाढवून भागायचं नाही, सगळं नव्या पद्धतीने पहिल्यापासून लिहावं लागेल. मी सुरुवात केली आहे. होईल वेळेत.

तुम्ही पत्रात सगळ्यांचं लिहिता, स्वतःचं लिहीत नाही. ‘बाकी ठीक’ म्हणजे काय ते एकदा उलगडून सांगा. आणि दादा तिला काय लिहितो? मी ते बघत नाही, ते बरं दिसणार नाही. पण तो खूश आहे ना?

तुमचा भाऊजी


६ एप्रिल

भाऊजी,

खूश नाहीत. मागच्या पत्रात मी ठीक आहे लिहिलं, कारण तुम्ही एवढी धडपड करताय आणि तुमच्या तोंडावर कसं सांगू असं वाटलं.

काल घंटीच्या दुकानात चाकं बसवते त्या मैत्रिणीचा, चाकवालीचा, फोन आला. तिच्याच्याने बोलवत नव्हतं. म्हणाली, काकू, पाटीच्या खाली काका रोज लिहितात, आम्ही सगळ्या वाचतो, आम्हाला कळत नाही काय करावं. म्हणून यांचा डोळा लागल्यावर मी पहिल्यांदा ते अभिप्राय उघडले.

एकाखाली एक लांबच लांब रांग लागली आहे. पहिले पहिले मजेचे आहेत, बुटांना तेल घाल वगैरे. मग, घंटे, फोन लागत नाही तुझा. मग, आज तू ब्रेकबद्दल छान लिहिलंस, माझं वाचलंस का. मग, जगाला लिहायला वेळ आहे आणि बापाला एक ओळ नाही. मग नुसतंच, माझं काही चुकलं का. आणि त्याखाली, माझं काही चुकलं का. आणि त्याखाली पुन्हा तेच. त्यांना आदल्या दिवशी लिहिलेलं आठवत नाही, पण सकाळी पान उघडलं की स्वतःच्या नावाची ही सगळी रांग समोर दिसते, आणि एकालाही उत्तर नाही. ती रोज लिहिते आहे हे तुमचा पडदा दाखवतो. मग ती जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि फक्त आपल्याशीच बोलत नाही, याखेरीज दुसरा काय अर्थ ते काढणार?

आता कळलं मला, दिवसेंदिवस हे असे मिटून का चाललेत. आठवण राहत नाही त्यांच्यात, पण मनाला लागलेलं राहतं. चहा तसाच निवतो. परवा मला विचारत होते, तिच्या लहानपणी मी तिच्यावर कधी हात उगारला होता का. तुम्हाला माहीत आहे, या माणसाने डास मारतानासुद्धा आधी त्याला समज दिलेली आहे.

ते अभिप्रायही लपवा असं लिहायला बसले होते. पण काय काय लपवणार? म्हणून मागते ते नीट ऐका. तिच्या नावाने त्यांना एक ओळ लिहा. एकच. मी रागावले नाहीये, एवढंच. मला हे मागताना स्वतःची लाज वाटते, तरी मागते.

वहिनी


१५ एप्रिल

वहिनी,

लिहिलं. सोबत आहे. रांगेच्या शेवटी तिच्या नावाने दिसेल, फक्त तुमच्याच संगणकावर. तिच्या मैत्रिणींना दिसणार नाही.

‘बाबा, अजिबात रागावले नाही. कामात होते. वेळ मिळाला की सायकलवरून येऊन जाईन.’

शेवटचं वाक्य तुम्ही मागितलं नव्हतं. ती नेहमी तसं म्हणायची म्हणून घातलं, नाहीतर ते तिचं वाटेना. पहिले दोन शब्द टाइप केले आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. वहिनी, पाटी झाकली तेव्हा वाटलं, मी दादाच्या डोळ्यांवर हात ठेवतोय. मजकूर दाखवले तेव्हा वाटलं, जे तिचंच आहे ते देतोय. हे मात्र तिचं नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा काढून टाकेन.

तुमचा भाऊजी


२७ एप्रिल

भाऊजी,

काढू नका. निदान इतक्यात नको.

रोज सकाळी पान उघडतात, रांग वाचत खाली येतात, चेहरा काळवंडत जातो, आणि शेवटची ओळ आली की मला हाक. रोज. “ऐकलंस का, आली गं चिठ्ठी.” मग दाढी करतात. भिंतीवरची तिची जुनी सायकल उतरवून घेतली आहे. साखळीला तेल घालतात, ब्रेक तपासतात, ती आली की तिला दाखवायला. रोज तेल पडून ती साखळी आता हातात धरवत नाही, पण मी फक्त खाली कागद पसरून ठेवते.

त्यांनी तिला उलट लिहिलंय, कधी येतेस, लवकर ये, डोळे लागलेत. ते वाचून मी पान मिटून टाकलं. पण जेवतात व्यवस्थित. झोपतात.

नव्या पद्धतीचा तुमचा पेन ड्राइव्ह अजून आलेला नाही. ब्राउझर हल्ली रोज सांगतोय की मोठी आवृत्ती तयार आहे. मी ‘नंतर’ म्हणते. यांच्या हातात पडायच्या आत पाठवा.

वहिनी


१२ मे

धाकट्या,

हे पत्र मी लिहितोय, तुझा दादा. उद्या मला ते लिहिल्याचं आठवणार नाही, म्हणून एकदाच नीट वाच आणि जपून ठेव. माझ्यात ते राहणार नाही, तुझ्याकडेच राहायला हवं.

आज सकाळी मला कळलं की घंटी गेली. तुझी वहिनी सांगते की मला हे आधीही पुष्कळदा कळून गेलंय. असेल. मला मात्र आजच कळलंय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

झालं ते असं. काल मी माझ्या हाताने एका कागदावर लिहून टेबलावर ठेवलं होतं, ‘घंटी सायकलवरून येणार आहे.’ आज उठल्यावर तो वाचला, आनंदाने पान उघडलं. नवी आवृत्ती तयार आहे असं आलं, मी ती घेतली. देखभाल टाळायची नाही, तुला माहीत आहे माझं. पान पुन्हा उघडलं तर वर ती काळी चौकट. त्यात लिहिलंय, अपघातात गेली. खाली माझंच लिहिलेलं, लवकर ये, डोळे लागलेत. आणि तिची ती ओळ कुठेच नाही.

आता तू विचार कर की मला काय वाटलं असेल. मला वाटलं, मी घाई केली म्हणून ती निघाली. सायकलवरून. माझ्याकडे यायला. आणि रस्त्यात.

मी घरात काय केलं ते मला लिहायचं नाही. तुझी वहिनी घाबरली आणि मग तिने सगळं सांगितलं. पडदा, जुने मजकूर, ती ओळ कुणी लिहिली, सगळं. की पोरगी वर्षापूर्वी दुकानातून घरी जाताना गेली, माझ्याकडे यायला निघाली नव्हती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. ते ऐकल्यावर मी खाली बसलो. पोर मेल्याचं ऐकून माणसाला बरं वाटतं, असं कधी ऐकलं आहेस का? मला आज वाटलं, क्षणभर.

तुझ्यावर राग नाही. तुझी वहिनी तर रडून रडून अर्धी झाली आहे, तिच्यावर काय राग धरू. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी केलंत. पण आता मी मागतो ते कर. तो पडदा काढून टाक. नवा पाठवू नकोस.

लिफ्टमध्ये माणूस अडकला की आम्ही पहिलं काम काय करायचो माहीत आहे? वरून ओरडून सांगायचो, की तुम्ही दोन मजल्यांच्या मध्ये आहात, वीज गेली आहे, आणि आम्ही इथे आहोत. आत्ता सुटाल, असं कधी सांगायचो नाही. खोटं सांगितलं की थोड्या वेळाने आतला माणूस दारावर डोकं आपटायला लागतो. खरं सांगितलं की रडतो, घाम पुसतो आणि खाली बसून राहतो. मीही बसून राहीन. मेलेल्या पोरीचा बाप व्हायला मी तयार आहे. रुसलेल्या पोरीचा बाप रोज होणं मला झेपत नाही.

तेव्हा उद्या मी फोन करून विचारलं, घंटी का लिहीत नाही, तर सांग. परवा विचारलं तर परवा सांग. मी रडलो तर रडू दे, फोन ठेवू नकोस. आणि कंटाळू नकोस. लहानपणी तू माझ्याबरोबर कामावर यायचास आणि रोज एकच प्रश्न विचारायचास, लिफ्ट वर गेली की खाली काय उरतं. रोज. मी कधी कंटाळलो होतो का?

जाता जाता एक सांगतो. तू ती ओळ चांगली लिहिलीस. पण घंटी ‘कामात होते’ असं कधीच म्हणाली नसती. ती म्हणाली असती, ‘बाबा, विसरले.’

तुझा दादा


२ जून

भाऊजी,

दादांच्या पत्राची प्रत तुम्ही मला पाठवलीत, ती मी वाचली नाही. त्यांनी ते लिहिलं तेव्हा मी समोरच बसले होते. घरात ठेवायला नको म्हणून दुकानाच्या खणात ठेवलीय.

आता रोज सकाळी आम्हाला कळतं. सोपं आहे असं लिहिणार नाही. चहा देताना मीच आधी सांगते, पान उघडायच्या आत. मग ते उघडून पाटी वाचतात, मी शेजारी बसते. ज्या दिवशी माझ्याने सांगवत नाही त्या दिवशी तुम्हाला फोन लावून देते. तुम्ही सांगताना तुमचा आवाज फुटतो तो मला इथे ऐकू येतो, पण तुम्ही एकदाही फोन ठेवला नाहीत. तुमचं हे मी विसरणार नाही.

‘बाकी ठीक’ म्हणजे काय ते तुम्ही विचारलं होतं, ते आता सांगते. पोटची पोर गेली आणि वर्षभर मी या घरात तिच्या गमती ऐकून हसत होते. रडायला दुकानात यायचे, लवकर, शटर अर्धं खाली ठेवून. तुमचा पडदा गळून पडायचा त्याच दिवशी मला घरात रडता यायचं, कुणाच्या तरी बरोबर. म्हणून मी तुम्हाला लवकर दुरुस्त करा म्हणून लिहायचे, आणि पत्र टाकून येताना पाय जड व्हायचे. आता रडून झालं की ते मला तिच्याबद्दल सांगतात, मी त्यांना सांगते. बुटांच्या कुरकुरीचं मी फोनवर तिला काय म्हटलं होतं, तेही त्यांना सांगितलं. हसले. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसले.

त्यांना काही आठवत नाही, हे खरंच आहे. तरी एक झालंय. मी चहा घेऊन येते, अजून तोंडातून शब्द काढलेला नसतो, आणि यांचा हात माझा हात धरायला आधीच पुढे आलेला असतो. का, ते त्यांना माहीत नसतं.

अभिप्रायांची ती रांग मी पुसायला लावली नाही. चाकवाली विचारत होती, काढू का. मी नको म्हटलं. गेल्या आठवड्यात ब्राउझरने पुन्हा नवी आवृत्ती घेतली. पिवळी पट्टी आली नाही, कारण त्यात आता आपलं काही नाही. यांनी पान उघडलं, पाटी वाचली, मग सावकाश खाली येत स्वतःचं सगळं वाचलं, फोन लागत नाही, जगाला वेळ आहे, माझं काही चुकलं का, माझं काही चुकलं का, लवकर ये. मग चष्मा नाकावर नीट बसवून, एकेक अक्षर शोधत, रांगेच्या शेवटी लिहिलं. आता रोज सकाळी वाचत वाचत तिथवर येतात, ते कुणी लिहिलंय ते बघतात, आणि तिथेच थांबतात. त्याखाली त्यांनी नवं काही लिहिलेलं नाही.

‘घंटे, आता कळलं गं. उत्तर राहू दे.’

वहिनी